मी बारमध्ये जाऊन आले

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



दरवर्षी या दिवशी मला दोन शब्द बोलावयास सांगतात आणि दरवर्षी मी वाचनाची गोडी, बचतीची सवय, मुलांचे संस्कार अशा निरुपद्रवी विषयांवर बोलून खाली बसते. यंदा चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मुंबईचा बार." त्यांना वाटले, मी 'बारसे' म्हणाले. बारशाला त्यांची काहीच हरकत नव्हती. खुलासा केल्यावर मात्र त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बोला, पण शेवटी बोला. तोवर लहान मुले घरी जातील." म्हणून मी शेवटी उभी आहे, आणि मुले तर सगळी अजून इथेच बसलेली दिसतात. असो. त्यांनीही ऐकण्यासारखेच आहे.

आरंभीच एक सांगून टाकते. मी दारूची मैत्रीण नाही, वैरीण आहे. का, ते इथल्या पुष्कळजणींना ठाऊक नाही, कारण मी ते आजवर कोणाला सांगितलेले नाही.

माझ्या माहेरी गावाबाहेर नाल्याकाठी हातभट्टीचा अड्डा होता. राज्यात दारूबंदीचा कायदा होता, तेव्हा सरकारी कागदावर तो अड्डा नव्हताच. पण गावातल्या प्रत्येक बाईला तो नेमका कुठे आहे ते माहीत होते. माझे वडील स्वभावाने वाईट नव्हते. दिवसभर शेतात राबत. दिवस मावळला की मात्र त्यांचे पाय नाल्याकडे वळत. रात्र फार झाली की आई माझ्या हाती कंदील देई आणि म्हणे, "जा, बाबाले घेऊन ये." मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. अड्ड्यावर एक चिमणी मिणमिणत असे. त्या उजेडात माणसांचे चेहरे दिसत नसत. नुसते आवाज येत आणि मोहाच्या दारूचा तो आंबूस वास येई. मी दाराशी उभी राहून "बाबा" अशी हाक मारायची. कधी ते उठायचे, कधी उठायचे नाहीत. एका वर्षी कापसाच्या पैशांपाठोपाठ आईच्या हातातल्या पाटल्याही गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

म्हणून बायांनो, दारूचे दुकान बंद करण्यासाठी कोणी सह्या मागायला आले की मी कागद वाचण्याच्या आधी सही करते.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बारावीनंतर हॉटेलचे शिक्षण घेऊन मुंबईला नोकरीला लागली. नोकरी कसली, असे कोणी विचारले की बहीण सांगायची, "मोठ्या हॉटेलात आहे." हॉटेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोहे आणि चहा येतो, त्यामुळे कोणी पुढे विचारले नाही. मुलीला एक स्थळ आले. मुलगा शिकलेला, घरची शेती, सगळे जमत आले होते. आणि एके दिवशी त्यांच्याकडच्या कोणीतरी फोनवर एक फोटो पाठविला. माझी भाची काळ्या कपड्यांत एका लांब ओट्यामागे उभी, पाठीमागे बाटल्यांच्या ओळी, हातात चकाकते भांडे. खाली एवढेच लिहिले होते, 'ही तुमचीच ना?' दुसऱ्या दिवशी नकार आला.

बहीण दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मले तं तिचं तोंड पाहू वाटत नाई. तू जाऊन पाहून ये. तू म्हणशील तं मी तिले घरी आणतो." आमच्या वडिलांना आणायला तिला कधी जावे लागले नव्हते, ती तेव्हा पाळण्यात होती. हे काम पहिल्यापासून माझ्याकडेच. म्हणून अकोल्याहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी मुंबईस उतरले. या खेपेला हातात कंदील नव्हता, एवढाच फरक.

भाची स्थानकावर आली होती. वाकून नमस्कार केला. आम्ही दोघीही दिवसभर त्या विषयावर बोललो नाही. संध्याकाळी कामावर जाण्याआधी ती मला समुद्र दाखवायला गेटवे ऑफ इंडियाकडे घेऊन गेली. समोर १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल उभे. तिकडे बोट करून ती म्हणाली, "मावशी, या हॉटेलात १९३३ पासूनचा बार आहे. मुंबईतला परवाना मिळालेला हा पहिला बार, असं सांगतात." मी म्हटले, "मी पुढे कधी काशीला गेले तर तिथल्या घाटांची माहितीही अशीच पाठ करून सांग." ती हसली, आणि तेव्हा कुठे आमच्यातला अवघडलेपणा जरा कमी झाला.

मग चालता चालता तिने मला बरेच काही सांगितले. घरी आल्यावर मी तपासून पाहिले, ते असे. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून मोरारजी देसाईंच्या कारकिर्दीत संपूर्ण दारूबंदी आली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता; तो १९५६ साली मुंबई राज्यात आला. ज्याला प्यायचीच असेल त्याने प्रकृतीचे कारण दाखवून, डॉक्टरचा दाखला जोडून सरकारचा परवाना घ्यावयाचा. परवाना, म्हणजे परमिट, असणाऱ्यांनी बसून प्यावयाची खोली ती 'परमिट रूम'. रस्त्याच्या कडेला आपण ही पाटी नेहमी वाचतो, पण तिचा अर्थ मला साठी उलटल्यावर कळला. पुढे वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली. पण कायदा तोच राहिला आणि पाटीही तीच राहिली. आजही महाराष्ट्रात दारू प्यावयास कायद्याने परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी व्हावी लागतात.

आणि त्या कडक बंदीच्या दिवसांत मुंबईत काय झाले? दारू थांबली नाही. ती घराघरांत शिरली. कितीतरी वस्त्यांत विधवा, एकट्या, गरीब बायका आपल्या स्वयंपाकघरातच चोरून दारू विकू लागल्या. लोक त्या जागांना 'आंटीचा अड्डा' म्हणत. प्यायला पुरुष येत आणि पोलीस धाड घालीत ती बाईवर. हे ऐकले तेव्हा मला आमच्या नाल्याकाठची चिमणी आठवली.

रात्री आठच्या सुमारास भाचीने मला तिच्या कामाच्या जागी नेले. त्या जागेचे नाव मी सांगणार नाही. आपल्याला त्याचे काही काम नाही. बाहेरून पाहिले तर एक साधे जड लाकडी दार. आत पाऊल टाकले आणि मी जागीच थबकले. काळोख! अगदी मिट्ट नव्हे, पण टेबलाटेबलावर एक बारीक दिवा, आणि बाकी सगळ्या सावल्या. चेहरे दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. क्षणभर मी पुन्हा आठ वर्षांची झाले. वाटले, 'बाबा' म्हणून हाक मारावी.

भाचीने माझा हात धरून मला ओट्याच्या टोकाशी एका उंच खुर्चीवर बसविले. नऊवारी नसली तरी माझे सुती पातळ, कपाळावर कुंकू आणि मांडीवर कापडी पिशवी. मला वाटले, आता सारे लोक वळून पाहतील. कोणी पाहिले नाही. शेजारच्या टेबलाशी चार मुली बसल्या होत्या, कचेरीतून सुटून आल्यासारख्या. त्यांच्यापैकी दोघींपुढे सरबत होते, दोघींपुढे दारू. हसत होत्या, खात होत्या, कोणाचा तरी वाढदिवस होता. पलीकडे एक वयस्क जोडपे बसले होते. बाकी पुरुष. कोणी आरडाओरडा करीत नव्हते.

मी भाचीला विचारले, "इथे इतका अंधार कशाला? वाईट काही दिसू नये म्हणून?" ती म्हणाली, "मावशी, लखख उजेडात लोक एकमेकांचे कपडे पाहतात. मंद दिव्यात बोलायला लागतात. पण ओट्याकडे बघ." मी पाहिले. ती उभी होती तेवढ्या ओट्यावर वरून स्वच्छ उजेड पडत होता. "इथं अंधार चालत नाही. माप चुकता कामा नये."

ते माप म्हणजे धातूचे एक चिमुकले दुतोंडी भांडे. एका बाजूने तीस मिलिलिटर, दुसऱ्या बाजूने साठ. बाटलीतून दारू थेट पेल्यात ओतायची नाही. आधी माप भरायचे, मग ओतायचे. त्यात लिंबाचा रस, साखरेचा पाक, कसला कडू अर्क थेंबभर, बर्फ. आणि झाकण लावून ते भांडे डोक्याशी नेऊन हलवायचे. यालाच कॉकटेल म्हणतात. तिने सांगितले की १८०६ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात कॉकटेल म्हणजे काय ते प्रथम छापून आले: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. आणि 'पंच' नावाचे पेय तर आपल्याच 'पाच' या शब्दावरून पडले, असे म्हणतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. मी म्हटले, "म्हणजे पंचामृतच की! फक्त देवापुढे ठेवता येत नाही एवढेच." बर्फ घालून हलविताना तो वितळतो, त्याचे पाणी पेयात मिसळते आणि त्याची धार कमी होते. किती वेळ हलवायचे याचेही गणित आहे. मी तीस वर्षे पापडाचा खार मोजून घातला आहे. मोजमापाने काम करणारा हात मला ओळखता येतो. तिचा हात तसा होता.

मला तिने कोकमाचे आगळ, आले, जिरे आणि चिमूटभर मीठ घालून बिनदारूचे एक पेय करून दिले. उत्तम होते. पुढच्या हळदीकुंकवाला आपण ते करू. त्याची किंमत मी विचारली नाही, पण शेजारच्या मुलींचे बिल ओट्यावर आले तेव्हा नजर गेली. दारूच्या एका पेल्याला आठशे रुपये, वर कर निराळा! बायांनो, निंदणाला जाणाऱ्या आपल्या बाईची ती तीन दिवसांची मजुरी. हे मी विसरू शकले नाही, आणि तुम्हीही विसरू नका.

मग तिने मागच्या फळीवरून एक बाटली काढून माझ्यापुढे धरली. "मावशी, ओळख." बुच उघडले आणि माझ्या अंगावर काटा आला. मोह! तोच वास, पण धुऊन पुसून स्वच्छ केलेला. मोहाची दारू आता डहाणूकडे रीतसर कारखान्यात तयार होते, छान बाटलीत भरतात, आणि मुंबईचे लोक ती कौतुकाने मागवितात. ज्या फुलांच्या दारूपायी गावोगावच्या गरीब बायका पोलिसांच्या गाडीत बसल्या, ती आज फळीवर मानाने बसली आहे. मी बाटली परत केली. तुमच्यापैकी काहीजणी मनात विचारीत असतील, "चाखली का?" नाही चाखली. त्या वासानेच माझे पोट भरले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे सांगत आहे, ती सांगते.

रात्री साडेअकराच्या सुमारास ओट्याशी पस्तिशीचा एक गृहस्थ बसला होता. एकटाच. चांगल्या घरचा दिसत होता, पण त्याचे डोळे जड झाले होते. त्याने आणखी एक पेला मागितला. भाचीने त्याच्यापुढे पाण्याचा मोठा पेला ठेवला आणि म्हणाली, "सर, आता पाणी घ्या. काही खायला मागवू का?" तो म्हणाला, "मी पैसे देतोय." ती म्हणाली, "पैशांचा प्रश्न नाही, सर. आता पुरे." त्याचा आवाज चढला. माझ्या हातापायांतले बळ गेले. कारण आवाज चढल्यावर पुढे काय होते ते मी लहानपणी पाहिले आहे. पण ती मागे सरली नाही. तिच्या पाठीशी तिचा व्यवस्थापक येऊन उभा राहिला. तिला गप्प करायला नव्हे, तिची बाजू राखायला. दोन मिनिटांनी तो गृहस्थ पाणी प्यायला. त्याच्यासाठी टॅक्सी बोलाविली आणि दारापर्यंत पोचवून दिले.

मी त्या अंधारात डोळे पुसले. कोणाला दिसले नाही. मंद दिव्यांचा तेवढा उपयोग झाला. माझ्या वडिलांना त्या अड्ड्यावर 'आता पुरे' म्हणणारे कोणी नव्हते. घरी म्हणणारी एक होती, आणि तिला त्याचे काय मिळायचे ते मी तोंडाने सांगणार नाही. ओतणाऱ्या हातानेच 'पुरे' म्हणावे, आणि ते ऐकले जावे, असे मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. आणि तो हात आमच्या घरातल्या मुलीचा होता.

रात्री एक वाजून गेल्यावर कामावरच्या गाडीने आम्ही तिच्या खोलीवर आलो. ही गाडी मेहेरबानी नव्हे, हे मला तिने सांगितले. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवावयाचे तर तिची संमती लागते आणि तिच्या संरक्षणाची व जाण्यायेण्याची सोय मालकाने करावी लागते. आणखीही एक गोष्ट कळली. पंजाबात १९१४ साली झालेला एक जुना कायदा दिल्लीलाही लागू होता. त्याप्रमाणे जिथे दारू पितात तिथे बाईला नोकरी करण्यास मनाई होती. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केले. न्यायालयाच्या म्हणण्याचा भावार्थ असा, की बाईचे रक्षण करावयाचे म्हणजे तिला घरी बसवायचे नव्हे. तिला निर्भयपणे काम करता येईल अशी व्यवस्था सरकारने करावयाची. मुंबईत तर शतभी बसू नावाच्या बाई त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम करीत आल्या. देशातील पहिल्या स्त्री बारटेंडर म्हणून त्यांना ओळखतात, आणि त्यांनी हे काम शिकविण्याची शाळाही काढली.

मी भाचीला सरळ विचारले, "बाळ, हे काम चांगले आहे असे तुला वाटते का?" ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, दारू चांगली आहे असं मी म्हणत नाही. मी काम नीट करते, एवढं म्हणते. आईला खोटं मी सांगितलं नव्हतं. तिनंच लोकांना अर्धं सांगितलं. आणि एक गोष्ट सांग. त्या स्थळाच्या घरी बघायला आलेल्यांपैकी दोघांच्या तोंडाला वास येत होता, तो तुम्हा सगळ्यांना आला होता. त्यावरून आपण स्थळ नाकारलं का? आपल्याकडे पिणाऱ्याला मुलगी मिळते. ओततो म्हणून मुलीला मात्र नवरा मिळत नाही."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. कोणाजवळ असेल तर चहाच्या वेळी सांगा.

आता कोणी म्हणेल, बाई मुंबईला गेल्या आणि बारची वकिली करू लागल्या. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्वच्छ सांगितले आहे की दारूचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही; तिच्यामुळे अनेक तऱ्हांचे कर्करोग होतात आणि त्यांत बायकांच्या स्तनाचा कर्करोगही आहे. मंद दिवा, चकाकते भांडे आणि लिंबाची फोड यांनी त्यात काही फरक पडत नाही. त्या चार मुलींपैकी कोणी माझी नात असती तर मी तिला हेच सांगितले असते. प्रेमाने सांगितले असते, पण सांगितले असते.

पण बंद दाराआड आणि बिनमापाची जी दारू आहे, तिचे काय? २०१५ च्या जून महिन्यात मुंबईतच मालाडच्या मालवणी भागात विषारी हातभट्टी पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ती गरिबांची वस्ती. तिथे माप नव्हते, बिल नव्हते, 'पुरे' म्हणणारे कोणी नव्हते. आपल्याच विदर्भात पाहा. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीने १९९३ साली दारूबंदी झाली. वर्ध्यात ती त्याच्या आधीपासून आहे. चंद्रपुरात बायका पायी मोर्चे घेऊन गेल्या आणि २०१५ साली बंदी मिळविली. २०२१ साली सरकारने ती उठविली, आणि कारण दिले ते चोरट्या दारूचे. म्हणजे कायदा करून आपले काम संपत नाही. राखण करावी लागते. आणि २००५ साली राज्याने डान्सबार बंद केले, तेव्हा बायकांच्या अब्रूची चर्चा पुष्कळ झाली. पण तिथे नाचून घर चालविणाऱ्या बायकांनी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची, हे फार थोड्यांनी विचारले. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली बंदी घटनेला धरून नाही असा निकाल लागला. दारूची गोष्ट निघाली की शिक्षा पहिल्यांदा बाईला होते. पाजणारी असो, नाचणारी असो, की घरी वाट पाहणारी असो.

आणि पितो कोण? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांत एकोणीस दारू पितात आणि शंभर बायकांत एक. एकोणिसांबद्दल आपण चूप, आणि एकीबद्दल ओट्याओट्यावर चर्चा! माझ्या भाचीबद्दल या गावात जितके बोलले गेले त्याच्या दहावा हिस्साही आमच्या वडिलांबद्दल त्यांच्या गावात बोलले गेले नव्हते.

तेव्हा मंडळापुढे माझे तीन बोल आहेत.

पहिला: २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या पाव हिश्श्याहून कमी नाहीत इतक्या महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दुकान राहावे की जावे यावर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. हे हत्यार आपल्या हातात आहे. सह्या करणे सोपे असते. मतदानाच्या दिवशी सोयाबीनची कापणी सोडून जाणे कठीण असते. जी बाई त्या दिवशी शेतात राहते तिचे मत उभ्या बाटलीलाच पडल्यासारखे आहे, हे ध्यानात ठेवा.

दुसरा: स्थळ पाहताना मुलगी काय काम करते हे जरूर विचारा, पण मुलगा काय पितो हे त्याच्या आधी विचारा, आणि तोंडावर विचारा.

तिसरा: आपल्या मुली आता दूर दूर जातात, आणि पुष्कळदा रात्रीची कामे करतात. इस्पितळात, विमानतळावर, टेलिफोनच्या कचेऱ्यांत आणि अशा मंद दिव्यांच्या जागीही. फोटो पाहून निकाल देऊ नका. गाडीत बसा, जाऊन पाहा, तिच्या ओट्याशी बसा. नाही आवडले तर तिला तसे सांगा, पण तिला सांगा, शेजारणीला नव्हे.

मुंबईहून परत आल्यावर बहिणीने दारातच विचारले, "काय व बाई, आणली का पोरीले?" मी म्हटले, "नाही आणली. तिथे एक माणूस उठत नव्हता, त्याला तिने घरी पाठवले. जे मला कधी नीट जमले नाही ते तिला जमते." बहिणीला सगळे कळले असे नाही, पण ती चुलीशी गेली आणि दोन भाकरी जास्त टाकल्या. त्या रात्री आम्ही दोघी बहिणी आईच्या पाटल्यांबद्दल पहिल्यांदा बोललो.

भाची दिवाळीला येणार आहे. बहीण अजून मोकळी झालेली नाही, पण परवा बाजारात कोणीतरी विचारले, "पोरगी काय करते?" तेव्हा तिने "मोठ्या हॉटेलात आहे" असे म्हटले नाही. ती म्हणाली, "बारमध्ये हाय. मापानं देते आन् जास्त झालं तं देत नाई." विचारणारी बाई पुढे काही बोलली नाही म्हणतात.

हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे ठरले तेव्हा मी बहिणीला वाचून दाखविले. ती सगळे ऐकून म्हणाली, "छाप. पण माह्यं नाव नको टाकू." म्हणून नाव टाकलेले नाही. कोण ते आपणा सर्वांना ठाऊक आहेच. दिवाळीत ती दोघी मायलेकी रस्त्याने जाताना दिसल्या, तर दारात उभ्या राहून नुसत्या पाहू नका. घरात बोलवा, फराळाचे द्या, आणि ते कोकमाचे सरबत कसे करतात तेवढे मुलीकडून शिकून घ्या.